मॉन्टेनेग्रोला जायचं ते घाट चढायला

ठाण्याच्या एका बाईंचा प्रश्न आहे: "क्रोएशिया आणि ग्रीस दोन्ही बघून झालेत. यंदा सप्टेंबरात दहा दिवस मिळतायत. बरोबर सासू-सासरे, वय ६८ आणि ७२. सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात, सासूबाई शाकाहारी. नवरा म्हणतो मॉन्टेनेग्रोला जाऊ. मी फोटो बघितले तर तोच निळा समुद्र आणि तीच लाल कौलं. मग पुन्हा तेच बघायला एवढा खर्च कशाला?"

फोटोंबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. मॉन्टेनेग्रोचे जे फोटो फिरतात ते नव्वद टक्के किनाऱ्याचे असतात आणि नुसत्या किनाऱ्यासाठी जायचं असेल तर मीही सांगेन, नका जाऊ. मी गेली बारा-तेरा वर्षं आठ-दहा जणांचे छोटे गट बाल्कन देशांत नेतो. पहिल्या खेपेला मी स्वतः हीच चूक केली होती. किनाऱ्यावरच्या बुद्वाला सलग पाच रात्री ठेवल्या. तिसऱ्या दिवशी गटातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मागच्या डोंगराकडे बोट दाखवून विचारलं, "त्या भिंतीपलीकडे काय आहे हो?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या वर्षी एकटा गेलो, गाडी घेतली आणि ती भिंत चढून पलीकडे उतरलो. तेव्हापासून माझ्या सहलीत बुद्वाला फक्त दुपारचं जेवण असतं, तेही कधीकधीच.

देश किती लहान, ते आधी सांगतो. क्षेत्रफळ साधारण १३,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आतबाहेर. स्थानिक भाषेत देशाचं नाव त्सर्ना गोरा, काळा डोंगर. मॉन्टेनेग्रो हे व्हेनिसच्या लोकांनी केलेलं त्याचं भाषांतर. २००६ च्या मे महिन्यात सार्वमत झालं, अट होती ५५ टक्क्यांची, मतं पडली साडेपंचावन्न टक्के, आणि सर्बियापासून हा देश वेगळा झाला. युरोपीय संघात अजून नाही, पण चलन युरोच. स्वतःहूनच वापरायला लागले!

आता मुद्द्याचं. आपल्याला कोकण आणि घाट हे नातं समजावून सांगावं लागत नाही. खाली समुद्र, मासे, परकी जहाजं, किल्ले. वर वेगळी हवा, वेगळं अन्न, वेगळा स्वभाव. आणि मधे एक अवघड चढण. मॉन्टेनेग्रोमध्ये ते सगळं आहे, फक्त दाबून एकत्र बसवलेलं. कोटोर हे बंदर १४२० ते १७९७ व्हेनिसच्या ताब्यात होतं. आपल्याकडे वसई पोर्तुगिजांकडे होती, साधारण तसंच. आणि त्याच बंदराच्या डोक्यावर, सरळ रेषेत मोजलं तर दहा-बारा किलोमीटरवर, डोंगरी टोळ्यांचं एक राज्य होतं. त्याच्यावर उस्मानी फौजा वारंवार चालून आल्या, पण पकड कधी नीट बसली नाही. कारण तेच, जे सह्याद्रीत होतं. मोठ्या फौजेला तिथे खायला मिळत नाही आणि छोट्या फौजेला तिथले लोक सोडत नाहीत.

ही दोन जगं जोडणारा रस्ता म्हणजे या देशात जाण्याचं माझ्या मते पहिलं कारण. कोटोरहून न्येगुशीमार्गे त्सेतिन्येला, म्हणजे त्या डोंगरी राज्याच्या जुन्या राजधानीला, जाणारा जुना रस्ता पंचवीस केसपिनांसारख्या वळणांनी चढतो. वळणांना नंबर आहेत. प्रत्येक वळणावर खाली तोच उपसागर थोडा लहान होऊन दिसतो. रस्ता ऑस्ट्रियाच्या काळातला, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढा. एकदा सतराव्या वळणावर समोरून मोठी बस आली आणि मला तीनशे मीटर उलटं यावं लागलं. तेव्हापासून मी हा रस्ता सकाळी आठच्या आत चढतो, आणि शक्यतो स्थानिक चालक घेऊन. तुमच्याबरोबर ज्येष्ठ आहेत, तुम्हीही तेच करा. दुसरा पर्यायही आता आहे. २०२३ पासून कोटोरजवळच्या दुब गावाहून वर लोव्चेन पर्वतावर केबल कार जाते. अकरा मिनिटांत समुद्राच्या पातळीजवळून तेराशे मीटरच्या वर. सासऱ्यांच्या गुडघ्यांना काही कळणारही नाही.

रस्ता होण्यापूर्वी इथे खेचरांची पायवाट होती. पेतार दुसरा पेत्रोविच न्येगोश हा त्या डोंगरी राज्याचा धर्मगुरू, राज्यकर्ता आणि तिथला सर्वांत मोठा कवी, तिन्ही एकच माणूस. १८३८ मध्ये त्याने त्सेतिन्येला घर बांधलं आणि त्यासाठी एक बिलियर्डचं टेबल मागवलं. ते कोटोरला जहाजातून उतरलं आणि त्या पायवाटेने वर नेलं गेलं. घराचं नाव अजून बिल्यार्दा आहे. याच माणसाने आणलेल्या छापखान्यातले अक्षरांचे खिळे त्याच्या मृत्यूनंतर लगेचच, १८५२ च्या युद्धात, वितळवून त्यांच्या गोळ्या केल्या. मला हा देश समजला तो या दोन गोष्टींतून. त्सेतिन्येला छपाई नवी नव्हती, हेही सांगायला हवं. तिथे १४९४ मध्येच सिरिलिक लिपीत पुस्तक छापून झालं होतं. आपल्याकडे गोव्यात छापखाना उतरला तो १५५६ मध्ये.

त्सेतिन्ये आज पेंगलेलं गाव आहे. रुंद, झाडांचे रस्ते आणि मधेच फ्रेंच, रशियन, ब्रिटिश वकिलातींच्या जुन्या इमारती. १८७८ नंतर युरोपच्या दरबारांनी या डोंगरगावात वकील पाठवले, त्याचे ते अवशेष. राजा निकोला पहिला याने मुली अशा घरांत दिल्या की त्याला 'युरोपचा सासरा' म्हणत: एक इटलीची राणी झाली, दोघी रशियन राजघराण्यात गेल्या, एक सर्बियाच्या राजघराण्यात. सासूबाईंना ही गोष्ट राजवाडा बघतानाच सांगा, आधी नको.

न्येगोशची समाधी लोव्चेनच्या एका शिखरावर आहे, १,६५७ मीटरवर. मूर्तिकार इव्हान मेश्त्रोविच याची कल्पना. आत काळ्या दगडाच्या प्रचंड स्त्रिया दारात उभ्या आहेत. पण शेवटी ४६१ पायऱ्या आहेत, बोगद्यातून चढणाऱ्या. सासऱ्यांना खाली कॉफी घेऊन बसवा आणि तुम्ही दोघं जाऊन या. जुनं साधं देऊळ पाडून ही भव्य समाधी बांधली, त्यावरून तिथे अजून वाद होतात. मला स्वतःला ती जरा जास्तच भव्य वाटते. बाहेरच्या गोल ओट्यावरून दिसणारा देश मात्र कुठल्याही वादापलीकडचा आहे.

आता खाली येऊ, म्हणजे बोका कोटोर्स्का या उपसागराकडे. त्याला सगळे फ्योर्ड म्हणतात. तो फ्योर्ड नाही, हिमनदीने कोरलेला नाही. समुद्र वर चढून बुडालेली नदीची दरी आहे, आपल्या दाभोळ-जयगडच्या खाड्यांच्या जातीची, फक्त दोन्ही बाजूंना हजार-हजार मीटरचे कडे. आणि इथे एक गंमत बघा. उपसागराच्या वरच्या अंगाला त्स्रक्वित्से नावाची वस्ती आहे, युरोपातल्या सर्वांत जास्त पावसाच्या वस्त्यांत तिची गणना होते. वर्षाची सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या पुढे. आपल्या महाबळेश्वरच्या पंगतीत बसेल असा पाऊस. तरी डोंगर पांढरे, उघडे, कोरडे. कारण दगड चुन्याचा आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट पाणी अंगावरून वाहू देतो म्हणून आपल्याकडे धबधबे. हा चुनखडक पाणी थेट पिऊन टाकतो. ते आतल्या आत गुहांमधून खाली येतं आणि समुद्रकाठी अचानक फुटतं. रिसानजवळ सोपोत नावाची गुहा आहे, मोठ्या पावसानंतर तिच्या तोंडातून धबधबा सरळ समुद्रात कोसळतो. पण तिथला पाऊस हिवाळ्यात असतो. सप्टेंबरात तुम्हाला गुहेचं कोरडं तोंडच दिसेल.

रिसानला थांबणार असाल तर रोमन घराची मोझेइक फरशी बघा. मधोमध झोपेचा देव हिप्नोस आडवा पडलेला आहे. शेजारचे देश मॉन्टेनेग्रोच्या लोकांना आळशी म्हणून हसतात, आणि हे लोक रागावण्याऐवजी ब्रेझ्ना गावात दरवर्षी पडून राहण्याची स्पर्धा भरवतात. या देशाचा कुलदेव कोण असावा, हे त्या फरशीने अठराशे वर्षांपूर्वीच ठरवलं असावं.

मुक्काम कोटोरच्या तटबंदीच्या आत करू नका. रात्री आवाज, दिवसा क्रूझची गर्दी. दोन मोठी जहाजं एकाच दिवशी लागली तर गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर कोटोर बघा. वरच्या किल्ल्याला साडेतेराशे पायऱ्या आहेत, त्यामुळे तुमच्या घरच्यांसाठी तो विषय बंद. राहायला पेरास्त घ्या. एकच रस्ता, एका बाजूला दगडी वाडे, दुसऱ्या बाजूला पाणी. हे नखाएवढं गाव एकेकाळी खलाशांची शाळा होतं. रशियाच्या पीटर द ग्रेटने आपले सरदारपुत्र जहाज हाकायला शिकण्यासाठी इथल्या मार्को मार्तिनोविचकडे पाठवले होते.

पेरास्तच्या समोर दोन बेटं आहेत. एक नैसर्गिक, दुसरं माणसांनी केलेलं. दंतकथा अशी की १४५२ मध्ये कोळ्यांना एका खडकावर माता मेरीची प्रतिमा सापडली. गावकऱ्यांनी त्या खडकाभोवती दगड टाकायला, जुनी जहाजं बुडवायला सुरुवात केली आणि शतकं लोटली तसं बेट तयार झालं. अजूनही २२ जुलैला संध्याकाळी होड्यांची रांग निघते आणि प्रत्येक जण दगड टाकतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात, हे लोक दगड देतात, भावना फार लांबची नाही. बेटावरच्या देवळात खलाशांनी नवसाचे चांदीचे पत्रे लावले आहेत, त्यावर वादळात सापडलेली जहाजं. आणि एका कोपऱ्यात यासिंता कुनिच या बाईने भरलेलं एक कापड आहे. नवरा समुद्रावर गेलेला. ती पंचवीस वर्षं भरत राहिली, आणि त्यात तिने स्वतःचे केस वापरले. चित्रातल्या देवदूतांच्या केसांचा रंग काळ्यापासून पांढरा होत गेलेला दिसतो. मी कुठल्याही गटाला याच्यापुढे काही सांगत बसत नाही.

इथपर्यंत पाच दिवस झाले असं धरा. क्रोएशियातून एका दिवसासाठी येणारे लोक एवढंही बघत नाहीत, आणि जे बघतात ते इथून परत फिरतात. तुम्ही उत्तरेला निघा.

झाब्ल्याक हे १,४५६ मीटरवरचं गाव, दुर्मितोर राष्ट्रीय उद्यानाच्या दारात. हे उद्यान १९८० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. समुद्रावरून निघाल्यावर साडेतीन-चार तासांत तुम्ही अशा जागी येता जिथे सप्टेंबरातही रात्री स्वेटर लागतो, उतरत्या छपरांची लाकडी घरं आहेत आणि म्हाताऱ्या बायका रस्त्याकडेला ब्लूबेरीच्या बरण्या विकतात. त्सर्नो येझेरो, म्हणजे काळं तळं, गावापासून जवळ. तळ्याभोवतीची साडेतीन किलोमीटरची वाट बरीचशी सपाट आहे; सासऱ्यांना निम्मी तरी जमेल. नाही जमली तर काठावर बाकं आहेत आणि पाण्यात २,२८७ मीटरच्या मेज्जेद शिखराचं प्रतिबिंब.

तिथून अर्ध्या तासावर तारा नदीची घळ, ठिकठिकाणी १,३०० मीटर खोल, युरोपातल्या सर्वांत खोल घळींपैकी एक. तिच्यावर ज्युर्जेविचा तारा हा पाच कमानींचा पूल, १९३७ ते १९४० मध्ये बांधलेला, लांबी ३६५ मीटर. पुलावर झिपलाइनची आरडाओरड चालू असते आणि बहुतेक जण फोटो काढून निघतात. तुम्ही टोकाशी असलेल्या स्मारकाजवळ थांबा. लाझार याउकोविच हा हा पूल बांधणाऱ्या अभियंत्यांपैकी एक. १९४२ मध्ये इटालियन फौज पुढे येऊ नये म्हणून त्यांच्याशी लढणाऱ्या स्थानिक लढवय्यांना पूल उडवायचा होता. संपूर्ण पूल उडवायची गरज नाही, कुठली कमान पाडली तर वाटही तुटेल आणि नंतर दुरुस्तही करता येईल, हे सांगणारा तोच. कमान पाडली. इटालियनांनी त्याला पकडून त्याच पुलावर गोळ्या घातल्या. १९४६ मध्ये ती एकच कमान पुन्हा बांधून पूल चालू झाला. आमच्या गटात एकदा पीडब्ल्यूडीतले निवृत्त अभियंते होते, ते या स्मारकासमोर टोपी काढून बराच वेळ उभे राहिले.

परतीला एक टप्पा रेल्वेने करा, कोलाशिन ते राजधानी पोडगोरिट्सा. सर्बियातलं बेलग्रेड ते किनाऱ्यावरचं बार बंदर हा मार्ग १९७६ चा, ४७६ किलोमीटर. कोलाशिन स्टेशन हजार मीटरच्या वर, पोडगोरिट्सा जवळजवळ समुद्रसपाटीला. दीड तासात गाडी बोगद्याबोगद्यांतून खाली उतरते. वाटेत माला रियेका पूल लागतो, १९८ मीटर उंच. कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटरचा, म्हणजे त्याच्या तिप्पट. अनेक वर्षं हा जगातला सर्वांत उंच रेल्वे पूल होता. आता आपल्या चिनाब पुलाने ३५९ मीटरवर जाऊन त्याला फार मागे टाकलंय. डबे जुने, खिडक्या कळकट, आणि गाडी उशिरा येते. तिकीट चहापाण्याच्या खर्चात. चालकाला रिकामी गाडी घेऊन पुढे पाठवा.

शेवटच्या दोन रात्री स्कादार तळ्यावर, विरपाझारला. बाल्कनमधलं हे सर्वांत मोठं तळं, अर्धंअधिक मॉन्टेनेग्रोत आणि उरलेलं अल्बेनियात. सकाळी होडी घ्यायची, कमळांतून जायचं, नशीब असेल तर पेलिकन दिसतात. याहून जास्त काही करू नये अशी ती जागा आहे.

सासूबाईंच्या जेवणाचं. लोकांना वाटतं तितकं हे कठीण नाही, पण नीट विचारावं लागतं. डोंगरात काचामाक मिळतं: बटाटा आणि मक्याच्या पिठाची घोटलेली उकडच ती, त्यात चीज आणि कायमाक, म्हणजे दाट साय. प्रिगानित्से म्हणजे आपल्या गुलगुल्यांचे सख्खे भाऊ, मधाबरोबर देतात. किनाऱ्यावर ब्लित्वा मागा, पालेभाजी-बटाटा लसणात परतलेला. माशाबरोबर देतात, पण नुसतीही आणून देतात. एक शब्द पाठ करा: 'पोस्नो'. इथले बहुतेक लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, बुधवार-शुक्रवारी बरेच जण उपास करतात, आणि पोस्नो म्हणजे उपासाचं. त्यात मांस, दूध, अंडं नसतं. मासा मात्र चालतो! म्हणून त्यापुढे लगेच 'बेझ रिबे', मासा नको, असं जोडायचं. सूप भाजीचं असलं तरी पाणी मांसाचं असू शकतं, तेही विचारा. चीज विरजायला बहुधा प्राणिज रेनेट वापरतात, सासूबाई तेवढ्या काटेकोर असतील तर त्यांनी कायमाकवर भर द्यावा. बॅगेत मेतकूट आणि लोणचं ठेवाच, झाब्ल्याकला भाड्याच्या घरात स्वयंपाकघर मिळतं.

तक्रारीही सांगतो, नंतर मला दोष नको. बुद्वाभोवती उंच इमारतींनी किनारा खाऊन टाकलाय. किनाऱ्याचा अरुंद रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये मुंगीच्या वेगाने सरकतो. सार्वजनिक वाहनं डोंगरात जवळजवळ नाहीतच. हॉटेलात सामान उचलायला कोणी धावत येत नाही, आणि घाई केलीत तर 'पोलाको' ऐकायला मिळतं, म्हणजे सावकाश. मोठ्या संग्रहालयांची, खरेदीची हौस असणाऱ्यांनी दुसरा देश बघावा.

आणि व्हिसा, ज्यावर बेत मोडतात. भारतीयांना मॉन्टेनेग्रोचा व्हिसा लागतो, पण हातात चालू शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच), अमेरिकन किंवा ब्रिटिश व्हिसा असेल तर ३० दिवसांपर्यंत त्यावरच प्रवेश देतात. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर पडताळा. मुख्य खोच वेगळी आहे. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. डुब्रोवनिकला उतरून मॉन्टेनेग्रोत गेलात आणि परत डुब्रोवनिकहून विमान असेल, तर ती शेंगेनमध्ये दुसरी एन्ट्री झाली. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेले एक कुटुंब सीमेवरून मला परत न्यावं लागलं नाही ते केवळ आदल्या रात्री पासपोर्ट पुन्हा चाळले म्हणून. त्यांची तिकिटं पोडगोरिट्सा-इस्तंबूल अशी बदलली, भुर्दंड पडला. तुमचे ग्रीस आणि क्रोएशियाचे दोन्ही शेंगेन व्हिसा गेल्या तीन वर्षांतले असतील तर आता दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळण्याची चांगली शक्यता आहे. २०२४ पासून भारतीयांसाठी तशी सोय झाली आहे. सासू-सासऱ्यांचे पासपोर्ट कोरे असतील तर मात्र चौघांसाठीही मुंबई-इस्तंबूल-पोडगोरिट्सा हाच मार्ग धरा, आणि त्या दोघांच्या मॉन्टेनेग्रो व्हिसाची तयारी जूनमध्येच सुरू करा.